सहा खून, उलटसुलट शंभर पानं आणि कोड्यांचा छळवादी टॉर्केमाडा

शब्दकोडं म्हटलं की रविवारची पुरवणी, चहाचा कप आणि 'पाण्याला दुसरा शब्द, तीन अक्षरी' असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं. पण लंडनच्या एका गड्याला असली सोपी कोडी मान्यच नव्हती.

एडवर्ड पॉविस मॅथर्स. जन्म 1892 चा. मूळचा कवी आणि अनुवादक. अरबी सुरस कथा त्याने फ्रेंचमधून इंग्रजीत आणल्या. आपल्याकडच्या बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'चं मुक्त इंग्रजी रूपांतरही त्याचंच, 1919 सालचं. पुढे स्टाइनबेकने 'कॅनरी रो' कादंबरीत ते वापरलं.

1920 च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या शब्दकोड्यांनी इंग्लंडला वेड लावलं. मॅथर्सला मात्र त्यातले सरळ अर्थ विचारणारे प्रश्न कंटाळवाणे वाटले. 1926 पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये तो स्वतःची कोडी देऊ लागला. टोपणनाव घेतलं टॉर्केमाडा. स्पेनमध्ये धर्माच्या नावाखाली लोकांचा छळ करणाऱ्या अधिकाऱ्याचं हे नाव, म्हणजे इरादा उघड होता.

त्याची प्रत्येक सूचना फसवी. मराठीत सांगायचं तर, 'नदी उलटी वाहिली की गरीब'. उत्तर, दीन. किंवा 'आकाशी रंगात लपलेलं तीर्थक्षेत्र', म्हणजे काशी. सबंध कोडंच अशा सूचनांनी भरण्याचं श्रेय त्यालाच देतात. पुढच्या तेरा वर्षांत अशी जवळपास 670 कोडी झाली. शब्द तो निवडायचा आणि ते चौकटीत बसवायची त्याची बायको रोझमंड. छापून मात्र एकट्या टॉर्केमाडाचं नाव यायचं.

1934 मध्ये त्याने कहर केला. 'केन्स जॉबोन' नावाची शंभर पानांची रहस्यकथा लिहिली आणि पानं मुद्दाम उलटसुलट क्रमाने छापली. पानं नीट लावा, सहा खून कुणाचे झाले आणि कुणी केले ते सांगा, 15 पौंड मिळवा. शंभर पानं लावण्याचे पर्याय किती? 158 आकडी संख्या! तेव्हा फक्त दोघांना जमलं. उत्तर पुस्तकात नव्हतंच.

1939 मध्ये, अवघ्या 46 व्या वर्षी मॅथर्स गेला. त्याच्या जागी झिमेनीझ या टोपणनावाचा कोडेकार आला. त्याने सूचना प्रामाणिक असाव्यात म्हणून नियम घालून दिले. खरं सांगायचं तर गरज होतीच. टॉर्केमाडा कधीकधी वाचकाला सुटण्याची वाटच ठेवत नसे.

रहस्यकथा मात्र विस्मरणात गेली. यॉर्कशायरच्या शँडी हॉल संग्रहालयाने तिचा छडा लावला आणि 2019 मध्ये ती पुन्हा छापली गेली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये जॉन फिनेमोर या विनोदी लेखकाने ती सोडवली. पुढच्या वर्षी एका अमेरिकन तरुणीने सगळी पानं फाडून बेडरूमच्या भिंतीवर चिकटवली, टिकटॉकवर व्हिडिओ टाकला आणि दुकानांतल्या प्रती बघता बघता संपल्या.