दादासाहेब फाळके : भिंतीवरचा सिनेमा

मुलांना फाळके म्हटलं की 'भारतीय चित्रपटाचे जनक' एवढी एकच ओळ पाठ असते. पण राजा हरिश्चंद्रच्या आधी त्यांच्या घरात काय चाललं होतं, ते वर्गात सांगून पाहा. मुलं जास्त रमतील.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. पुढे फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोगसुद्धा! १९११ मध्ये गिरगावात त्यांनी येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपल्या देवादिकांच्या कथा अशाच पडद्यावर आणायच्या, असं मनाशी ठरवलं.

मग त्यांनी छोटं यंत्र आणि काही रिळं आणली. रात्री भिंगामागे मेणबत्ती धरायची आणि भिंतीवर चित्रं पाडायची. (त्या काळची फिल्म भुरकन पेट घेणारी. आज कोणते पालक हे करू देतील?) मूकपटाची गंमत साधी आहे. दांडा फिरवला की दर सेकंदाला साधारण सोळा चित्रं भिंगासमोर एकेक क्षण थांबून पुढे सरकतात, आणि डोळ्यांना माणूस चालताना दिसतो. दिवसा थिएटर, रात्री ही भिंत. झोप अपुरी, डोळ्यांवर ताण. शेवटी दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली तरी नाद काही सुटला नाही.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा व फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडी थोडी चित्रं घेतली. पडद्यावर मात्र रोप झरझर वाढलं! विज्ञानाच्या तासाला याहून चांगलं उदाहरण नाही.

सरस्वतीबाईंचं नाव पाठ्यपुस्तकात क्वचितच येतं. कोरी फिल्म भोकांशिवाय यायची. अंधाऱ्या खोलीत बसून ती भोकं त्या पाडायच्या, कारण भोकं चुकली की यंत्रात चित्र हललंच म्हणून समजा. शिवाय फिल्म धुणं आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामती मात्र साळुंके नावाच्या पुरुषाने केली, बाई मिळेना. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. लांबी चार रिळं.

पुढे खूप मूकपट निघाले. बोलपट आले तसे फाळके मागे पडले. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला त्यांचं निधन झालं.

बहुतेक रिळं नष्ट झाली. राजा हरिश्चंद्रची पहिलं आणि शेवटचं अशी दोनच रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, आणि तीही १९१३ ची की नंतर पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. 'कालियामर्दन' (१९१९) मात्र बराच वाचला आहे. त्यातला छोटा कृष्ण म्हणजे दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी.