देवळालीचे कापरेकर मास्तर

विस्कटलेली अक्षरे जुळवून शब्द ओळखायचे कोडे अनेकांच्या आवडीचे असते. ल, म, क ही अक्षरे घेतली तर ‘कमल’ही होते आणि ‘कलम’ही. तीन अक्षरांच्या मांडण्या सहाच होतात, पण सात वेगवेगळ्या अक्षरांच्या ५०४०. अक्षरांऐवजी अंकांची अशी जुळवाजुळव जन्मभर करणारे एक शिक्षक महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते, त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यांच्या आकडेमोडीतून मुलाला अंकांची गोडी लागली. ठाण्याच्या शाळेत असताना दत्तात्रय तासन् तास गणिती कोडी सोडवत बसे. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये पदवी घेतली आणि १९३० पासून नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर झाले. पदव्युत्तर शिक्षण झाले नाही.

१९४९ मध्ये त्यांनी मद्रासच्या गणित परिषदेत एक गंमत मांडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि वजाबाकी करा. ५४३२ वजा २३४५, उत्तर ३०८७. पुन्हा तेच करा. ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. आणखी एकदा, ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. यापुढे कितीही वेळा केले तरी ६१७४च येते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथे पोचते. जगभर हा ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जातो.

यातली खुबी पहिल्या पायरीत आहे. २, ३, ४, ५ या अंकांच्या २४ मांडण्या होतात, पण क्रमाने लावल्या की त्या सगळ्या एकच. शब्दांचे खेळ खेळणारेही आधी अक्षरे क्रमाने लावून घेतात. मग ‘कमल’ आणि ‘कलम’ एकाच घरचे आहेत, हे लगेच दिसते.

आपल्याकडच्या गणितज्ञांनी मास्तरांना फारसे मनावर घेतले नाही. लेख लहानसहान नियतकालिकांत छापून आले, काही पुस्तिका त्यांनी स्वतःच काढल्या. १९६२ मध्ये ते निवृत्त झाले, १९६६ मध्ये पत्नी गेल्या. निवृत्तिवेतन पुरत नसल्याने शिकवण्या घ्याव्या लागल्या. पण अंकांचा नाद सुटला नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले आणि सत्तरीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.

चाकूर भागातले निवृत्त शिक्षक तपासणीला आले की हमखास विचारतात, रोज कोडी सोडवली तर विसरभोळेपणा टळेल का? खरे उत्तर असे, की कोडी सोडवल्याने कोडी सोडवण्यात हात बसतो. स्मृतिभ्रंश त्याने टळतोच, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून घरातले वडीलधारे वारंवार विसरू लागले, तर कोड्यांचे पुस्तक हातात देऊन थांबू नका. रक्तदाब, साखर, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व आणि ऐकू येणे तपासून घ्या. यातली काही कारणे वेळीच सापडली, तर उपचाराने बरी होतात.

कोडी मात्र जरूर सोडवा. कापरेकरांनी ज्या संख्यांना त्यांच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, त्यांना ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. पत्नीच्या मागे उरलेली वीस वर्षे आणि पैशाची ओढाताण मास्तरांनी याच आनंदावर काढली. हा आनंद औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.