पन्नाशीत लिहिलेलं लांब पत्र

आता या वयात काय नवीन करायचं, असं आपण चाळिशीतच म्हणायला लागतो ना? पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल देशाच्या मारियामा बा हिची पहिली कादंबरी आली ती तिच्या पन्नासाव्या वर्षी, १९७९ साली.

मारियामाचा जन्म १९२९चा, डाकार शहरातला. आई लवकर गेली, त्यामुळे आजोळीच वाढली. घर मुस्लिम, जुन्या वळणाचं. मुलीची जात, प्राथमिक शाळा झाली तेवढी पुरे, असं तिथलं मत. वडील मात्र हटून बसले आणि पोरगी शिकली. रुफिस्कच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत तर तिनं सगळ्या फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत पहिला नंबर काढला! पुढे बारा वर्षं शिक्षिकेची नोकरी. खासदार ओबेय दियोप यांच्याशी लग्न, नऊ मुलं आणि मग घटस्फोट. नऊ मुलांचा संसार ओढत ती महिला संघटनांचं कामही करत राहिली.

तिची कादंबरी म्हणजे एका विधवेनं इद्दतच्या दिवसांत मैत्रिणीला लिहिलेलं लांबलचक पत्र. बारा मुलांच्या या आईला डावलून नवऱ्यानं लग्न केलं ते कुणाशी, तर मुलीच्याच मैत्रिणीशी! तो वारल्यावर दीर लग्नाला उभा राहतो, तेव्हा ती त्याला चांगलं सुनावते. मैत्रिणीवरही सवत आलेली, पण तिनं घर सोडलं, शिकली, परदेशात नोकरी धरली. एक राहिली, एक गेली. लेखिका दोघींपैकी कुणालाच चूक ठरवत नाही, हे मला फार आवडलं.

या पुस्तकाला १९८०चा नोमा पुरस्कार मिळाला. आफ्रिकेत छापल्या जाणाऱ्या पुस्तकांसाठी हा पुरस्कार २००९ पर्यंत दिला जात असे, आणि तो मिळवणारी ती पहिलीच.

मारियामा साहित्यावरही परखडपणे लिहायची. पुरुष लेखकांनी आफ्रिकेला आई म्हणून नुसत्या आरत्या ओवाळल्या, त्यानं बायकांचं भागत नाही. घरातला, रीतिरिवाजातला अन्याय बाईनंच लिहायला हवा, असं तिनं एका लेखात मांडलं.

दुसरी कादंबरी लिहून झाली होती. ती छापून यायच्या आधीच, ऑगस्ट १९८१ मध्ये, कर्करोगानं मारियामा गेली.

डाकारसमोर गोरे नावाचं बेट आहे. तिथे तिच्या नावानं मुलींची निवासी शाळा आहे. देशभरातल्या हुशार मुली परीक्षा देऊन तिथे येतात.