न दिसलेला फटका

गल्ली क्रिकेटमधलं सगळ्यात जुनं भांडण कुठलं? बॅटला कट लागला की नाही. किपर म्हणतो लागला, बॅट्समन आईची शपथ घेऊन म्हणतो की पॅडला लागला. आता याच्या बरोब्बर उलटं चित्र डोळ्यांसमोर आणा. किपर, अंपायर सगळे म्हणतायत की काही लागलेलं नाही, खेळ तू. आणि बॅट्समनच हट्टाला पेटलाय की लागलाय, मी आउट आहे. जून १९२५ मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर कंट्री क्लबवर असाच वाद झाला. खेळ गोल्फ, स्पर्धा यूएस ओपन आणि हट्टाला पेटलेला खेळाडू होता तेवीस वर्षांचा बॉबी जोन्स.

पहिल्या फेरीतला अकरावा होल. जोन्सचा चेंडू ग्रीनच्या कडेला, उतारावरच्या उंच गवतात जाऊन बसला होता. चेंडू जिथे थांबला त्या जागेला आणि स्थितीला गोल्फमध्ये ‘लाय’ म्हणतात. (इंग्रजीत याच शब्दाचा दुसरा अर्थ खोटं बोलणं असाही आहे, हा निव्वळ योगायोग.) अख्ख्या खेळाचा पाया एकच, चेंडू जसा पडलाय तसा खेळायचा. फ्रिस्बीवाल्यांच्या डिस्क गोल्फमध्येही हेच. चकती जिथे पडली तिथे छोटी मार्कर चकती ठेवायची आणि तिच्या मागूनच पुढचा थ्रो करायचा. ती जागा वीतभर सरकली तरी वाद पेटतात, कारण पुढचं सगळं गणित त्या जागेवर उभं असतं.

तर जोन्सने फटक्यासाठी पवित्रा घेतला, क्लब गवतात टेकवला आणि चेंडू किंचित हलला. फटका मारायच्या आधीच. त्या वेळच्या नियमानुसार याला एका फटक्याचा दंड होता. पण हे पाहिलं कुणी? एकट्या जोन्सने. त्याच्यासोबत खेळणारा वॉल्टर हेगन, त्या काळातला बडा व्यावसायिक खेळाडू, त्याने पाहिलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी प्रेक्षकांकडे चौकशी केली, त्यांनाही काही दिसलं नव्हतं. हेगनने आणि अधिकाऱ्यांनी त्याची समजूत घालून पाहिली. जोन्स ऐकेना. शेवटी निर्णय त्याच्यावरच सोपवला गेला आणि त्याने स्वतःच्या कार्डावर ७६ ऐवजी ७७ लिहिले.

आता पुढची गंमत बघा, अर्थात जोन्ससाठी ती गंमत नव्हती. चार फेऱ्या संपल्या तेव्हा जोन्सचे झाले २९१ फटके आणि स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या विली मॅकफार्लेनचेही २९१. बरोबरी! तो एक फटका धरला नसता तर कप जोन्सच्या हातात होता. मग प्लेऑफ. अठरा होलमध्ये दोघांचे ७५-७५. पुन्हा बरोबरी. आणखी अठरा होल. मॅकफार्लेन ७२, जोन्स ७३. गेली स्पर्धा.

हे वाचून वाटेल की हा पोरगा जन्मजात साधू असणार. मुळीच नाही. म्हणूनच तर त्याची गोष्ट सांगण्यात मजा आहे.

रॉबर्ट टायर जोन्स ज्युनियरचा जन्म १७ मार्च १९०२ चा, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाचा. वडील वकील. मुलगा लहानपणी सतत आजारी. घर ईस्ट लेकच्या गोल्फ कोर्सजवळ असल्याने तिथला स्कॉटिश प्रशिक्षक स्टुअर्ट मेडन कसा खेळतो ते बघायचं आणि तशीच्या तशी नक्कल करायची, हाच त्याचा क्लास. चौदाव्या वर्षी, १९१६ मध्ये, तो थेट यूएस अमॅच्युअर स्पर्धेत उतरला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. खेळ देखणा होता, पण डोकं गरम. फटका चुकला की क्लब भिरकावून द्यायचा. १९२१ मध्ये सेंट अँड्र्यूजला, म्हणजे गोल्फच्या पंढरीत, ब्रिटिश ओपन खेळताना तिसऱ्या फेरीत त्याचा खेळ पार विस्कटला. अकराव्या होलवर चेंडू बंकरमध्ये अडकला, काही केल्या नीट निघेना, तेव्हा पठ्ठ्याने चेंडू सरळ उचलून घेतला. स्पर्धेतून बाद. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका स्पर्धेत त्याने रागाने फेकलेला क्लब उसळून एका प्रेक्षक बाईच्या पायाला लागला. तेव्हा अमेरिकन गोल्फ संघटनेकडून त्याला ताकीद मिळाली, की स्वभाव आवर नाहीतर आमच्या स्पर्धा विसर.

हे वय १९ चं होतं. वूस्टरचा प्रसंग त्यानंतर चारच वर्षांनी घडला.

मधल्या काळात तो कॉलेज करत होता, तेही एक नाही. जॉर्जिया टेकमधून मेकॅनिकल इंजिनीअरिंग, मग हार्वर्डमधून इंग्रजी साहित्य. हार्वर्डच्या गोल्फ टीममध्ये त्याला खेळता येईना, कारण कॉलेजकडून खेळायची मुदत त्याने जॉर्जिया टेकमध्येच वापरून टाकली होती. पुढे कायद्याचा अभ्यास सुरू केला आणि पदवी पूर्ण व्हायच्या आधीच वकिलीची परीक्षा पास होऊन मोकळा झाला. मैदानावर तो शेवटपर्यंत हौशी खेळाडू राहिला, बक्षिसाच्या रकमेला हात लावला नाही. वर्षातले काही आठवडे स्पर्धा आणि बाकीचा वेळ अभ्यास किंवा ऑफिस. हेगनसारखे लोक खेळावर पोट भरत होते, आणि हा त्यांना हरवून परत वर्गात जाऊन बसायचा.

पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, यूएस ओपनमध्ये पुन्हा तेच. या वेळी ओहायोतल्या सायोटो क्लबवर, ग्रीनवर, पटर चेंडूपुढे टेकवल्यावर चेंडू जरासा कलला. पुन्हा त्याने स्वतःहून दंड घेतला. फरक इतकाच की ही स्पर्धा तो जिंकला, तीही एकाच फटक्याने. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये लिदमला ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या दिवशी तो दोन फेऱ्यांच्या मधे हॉटेलवर गेला. परत आला तेव्हा खेळाडूचा बिल्ला जवळ नव्हता. गेटवरच्या माणसाने अडवलं. जोन्सने हुज्जत घातली नाही, तिकीट काढून प्रेक्षकांसारखा आत गेला आणि संध्याकाळपर्यंत स्पर्धा जिंकला.

इथपर्यंतच्या गोष्टी सगळे सांगतात. १९३० ची इंटरलाकनची गोष्ट मात्र जरा दबक्या आवाजात सांगितली जाते. त्या वर्षी जोन्सने सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश अमॅच्युअर आणि हॉयलेकला ब्रिटिश ओपन जिंकली होती. तिसरी होती यूएस ओपन, मिनियापोलिसजवळच्या इंटरलाकन क्लबवर. शेवटच्या फेरीत सतराव्या होलवर त्याचा पहिला फटका उजवीकडे भरकटला, पाणथळ जागेच्या दिशेने, आणि चेंडू गायब. शोधाशोध झाली, सापडला नाही. हरवलेला चेंडू म्हटलं तर दंडही आणि परत सुरुवातीच्या जागेवरून फटकाही. पण संघटनेचे अधिकारी प्रेस्कॉट बुश यांनी निकाल दिला, की चेंडू पाण्याच्या अडथळ्यात गेलाय, तेव्हा एक फटक्याचा दंड घे आणि पुढेच फेअरवेवर चेंडू टाकून खेळ. (हे बुश म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या बुश बापलेकांपैकी थोरल्यांचे वडील.) जोन्सने तसं केलं आणि दोन फटक्यांच्या फरकाने जिंकला. निकाल चुकीचा होता, जोन्सला झुकतं माप मिळालं, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत.

मग वूस्टरचा हरिश्चंद्र इथे कुठे गेला? मला विचाराल तर तो तिथेच होता. वूस्टरला चेंडू हललेला त्याने स्वतः पाहिला होता, म्हणून त्याने कुणाचं ऐकलं नाही. इंटरलाकनला चेंडू कुठे गेला हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून जे सांगायचा अधिकार ज्याचा होता त्याचं ऐकलं. निकाल बरोबर होता की नाही हा वेगळा वाद आहे आणि तो बुश यांच्याशी घालायला हवा. सप्टेंबरमध्ये मेरियनला यूएस अमॅच्युअरही जिंकून त्याने एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि २८ व्या वर्षी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली. ज्या वयात आपल्याकडे पोरं स्पर्धा परीक्षेचा पुढचा अटेम्प्ट देत असतात, त्या वयात.

त्यानंतर त्याने क्लिफर्ड रॉबर्ट्ससोबत ऑगस्टा नॅशनल क्लब उभा केला. आज मास्टर्स म्हणून प्रसिद्ध असलेली स्पर्धा तिथे १९३४ मध्ये सुरू झाली. पण कौतुकाच्या ओघात हेही विसरू नये, की या क्लबवर कॅडी कृष्णवर्णीय असायचे आणि सदस्य गोरे. मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, खेळला तो १९७५ मध्ये, म्हणजे जोन्स गेल्यानंतर. स्कोअरकार्डावरच्या एका फटक्याबाबत इतका काटेकोर असलेला माणूस या नियमावर गप्प राहिला.

१९४८ पासून पाठीच्या कण्याच्या दुर्धर आजाराने त्याला घेरलं. आधी काठी, मग कुबड्या, मग व्हीलचेअर. १९५८ मध्ये सेंट अँड्र्यूज गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. त्याआधी हा मान मिळालेला अमेरिकन म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन, १७५९ मध्ये. समारंभ संपवून तो सभागृहातून निघाला तेव्हा जमलेल्या गावकऱ्यांनी निरोपाचं गाणं म्हटलं. गाव तेच होतं, जिथे सदतीस वर्षांपूर्वी त्याने रागाने चेंडू उचलून घेतला होता.

१८ डिसेंबर १९७१ ला अटलांटात त्याचं निधन झालं. बातमी पोचली तेव्हा सेंट अँड्र्यूजच्या कोर्सवरचा खेळ थांबवण्यात आला आणि क्लब हाउसवरचा झेंडा अर्ध्यावर उतरला.

गोल्फचे नियम मधल्या काळात बरेच सैल झालेत. २०१९ पासून ग्रीनवर चुकून चेंडू हलला तर दंड नाही, चेंडू परत जागेवर ठेवायचा आणि खेळायचं. म्हणजे सायोटोचा तो फटका आज मोजलाच गेला नसता. गवतातल्या चेंडूसाठी मात्र खेळाडूमुळेच तो हलला हे जवळपास नक्की असेल तर दंड अजूनही आहे. वूस्टरचा अकरावा होल आजही ७७ मध्येच जमा झाला असता.