पूर्णाकाठच्या घराण्यातील गणिती कृष्ण दैवज्ञ

विदर्भात पयोष्णी नदीच्या काठी दधिग्राम नावाचे गाव होते. पयोष्णी म्हणजे अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतून वाहणारी पूर्णा, असे मानले जाते. या गावच्या ज्योतिषी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या गणिताची उपासना केली. कृष्ण दैवज्ञ हे त्याच घराण्यातील थोर गणिती होत.

वडील बल्लाळ यांच्या काळात हे कुटुंब काशीस स्थायिक झाले. कृष्णांचे गुरू विष्णू हे ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञांच्या परंपरेतले होते. पुढे कृष्णांना बादशहा जहांगीर याचा आश्रय लाभला. श्रीपतीच्या जातकपद्धतीवर भाष्य करताना त्यांनी उदाहरणादाखल अब्दुर्रहीम खानखानाची कुंडली घेतली. ग्रहणांवर ‘छादकनिर्णय’ हा स्वतंत्र ग्रंथही त्यांनी रचला.

त्यांची खरी कीर्ती मात्र १६०२च्या सुमारास लिहिलेल्या ‘बीजपल्लव’ या टीकेत आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितातील नियम शिष्यांना मुखोद्गत असत. नियम खरा का, याचे उत्तर कृष्णांनी दिले. या उत्तराला ते उपपत्ती म्हणत.

काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू १५ आणि २० असतील तर कर्ण किती, हे भास्कराचार्यांचेच उदाहरण. काटकोनातून कर्णावर लंब टाकला की दोन लहान त्रिकोण होतात. त्यांचा आकार मोठ्या त्रिकोणासारखाच असतो, म्हणून बाजूंचे प्रमाणही तेच राहते. मग त्रैराशिकाने कर्णाचा एक तुकडा २२५ भागिले कर्ण, तर दुसरा ४०० भागिले कर्ण एवढा येतो. दोन्ही मिळून पूर्ण कर्ण होतो. म्हणजेच कर्णाचा वर्ग ६२५ आणि कर्ण २५.

आज शाळेत शिकवला जाणारा रेषेचा चढ याच पायावर उभा आहे. एकाच तिरप्या रेषेवर लहान-मोठे कितीही काटकोन त्रिकोण काढले तरी ते समरूप असतात. म्हणून उभे अंतर भागिले आडवे अंतर हे गुणोत्तर सर्वत्र सारखेच येते. रेषा आरंभबिंदूतून जात असेल, तर हाच चढ समप्रमाणातील स्थिरांक ठरतो. आलेखाची भूमिती कृष्णांच्या काळी नव्हती. देकार्तचा ग्रंथ १६३७ साली आला. परंतु प्रमाणाचे मर्म त्यांनी आधीच उलगडले होते.

उतरत्या रेषेचा चढ ऋण का, याचेही बीज त्यांच्या टीकेत सापडते. ऋण म्हणजे उलट दिशा, असे त्यांनी सांगितले. काशीच्या पूर्वेस पाटणा १५ योजने, पश्चिमेस प्रयाग ८ योजने. म्हणून त्या दोहोंतील अंतर २३ योजने. ऋण संख्येचा असाच दिशेने उलगडा इंग्लंडमध्ये जॉन वॉलिसने १६८५ साली केला.

ऋण संख्या वर्ग का होऊ शकत नाही, हा प्रश्नही कृष्णांनी टाळला नाही. ही काही राजाज्ञा नव्हे, त्यामागचे कारण दिलेच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. बादशहाच्या आश्रयाला असलेल्या विद्वानाने ती घ्यावी, हे विशेष.

बंधू रंगनाथ यांनी सूर्यसिद्धांतावर, तर पुतणे मुनीश्वर यांनी लीलावतीवर टीका लिहून ही परंपरा पुढे नेली. चढाचे सूत्र केवळ पाठ करणाऱ्या वऱ्हाडातील विद्यार्थ्याला, ते असे का, हे विचारण्याचा वारसा घरच्याच नदीकाठावरून मिळाला आहे.