वस्तादांचे ऋण

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव आज पाणी अडवण्याच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी मात्र ते पैलवानांचे गाव म्हणून ओळखले जाई. तालमीत शिरणारा मुलगा आधी लाल मातीला हात लावून तो कपाळाला लावतो. मग वस्तादांना नमस्कार करतो. कराटे शिकणारी मुलेही वर्गाच्या सुरुवातीला आणि शेवटी गुरूंपुढे कमरेतून वाकतात. रीत वेगळी असली, तरी भावना एकच आहे.

मुलांनो, वस्ताद हा शब्द तुमच्या ‘उस्ताद’ या शब्दापासूनच आला आहे. तालीम आणि पैलवान हे शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. पण नुसते वाकले म्हणजे उस्तादांचा आदर झाला का? या प्रश्नाचे उत्तर खाशाबा जाधव यांच्या जीवनात सापडते.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर या गावी झाला. त्यांचे वडील दादासाहेब हे पैलवान होते. खाशाबांना कुस्तीचे पहिले धडे घरीच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले.

1948 साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाचा खर्च केला. खाशाबा मातीवर खेळलेले होते. तेथे मात्र गादीवर कुस्ती होती आणि नियमही वेगळे होते. रीस गार्डनर या परदेशी कुस्तीगिराने त्यांना डाव शिकवले. मातीत नाव कमावलेला पैलवान पुन्हा विद्यार्थी झाला. त्या स्पर्धेत खाशाबा सहावे आले.

पुढचे ऑलिंपिक 1952 साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे होते. जाण्यासाठी पैसे नव्हते. खाशाबांनी गावोगाव फिरून लोकांकडे मदत मागितली, तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि 7000 रुपये खाशाबांच्या हाती दिले. शिष्य हरला असता तर घर परत मिळणे कठीण होते. तरीही गुरूंनी त्याच्यावर विश्वास टाकला.

खाशाबांनी तो विश्वास खरा केला. बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. ते परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक त्यांना गोळेश्वरला घेऊन गेली.

सत्काराच्या गडबडीत खाशाबा गुरूंचे घर विसरले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या. ते स्वतःही आखाड्यात उतरले. त्यातून मिळालेल्या पैशांनी त्यांनी प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवले.

1955 साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे सरकारने त्यांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार दिला.

गुरूंपुढे वाकायला क्षणभर पुरतो. त्यांचा विश्वास सांभाळायला मात्र कष्ट लागतात. खर्डीकरांनी शिष्यासाठी घर गहाण ठेवले आणि शिष्याने घाम गाळून ते सोडवले. गुरू-शिष्यांमधील खरा आदर असा दोन्ही बाजूंनी असतो.