एकटा नाविक

विद्यार्थी मित्रांनो, उर्दूत आपण ज्याला लंगर म्हणतो, त्याला मराठीत नांगर म्हणतात. शेतकरी ज्याने जमीन नांगरतो, तोही नांगरच. दोघांचे काम मातीत रुतण्याचे. शेतातला नांगर रुतून पुढे जातो, समुद्रातला नांगर रुतून नौकेला जागेवर धरून ठेवतो. अशा नांगराच्या भरवशावर ज्यांनी अनेक रात्री काढल्या, त्या जोशुआ स्लोकम यांचे चरित्र आज आपण वाचू या. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले नाविक होत.

जोशुआ यांचा जन्म 20 फेब्रुवारी 1844 रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात झाला. वडील कोळ्यांसाठी चामड्याचे बूट बनवत. लहान वयातच जोशुआची शाळा सुटली आणि तो वडिलांच्या हाताखाली काम करू लागला. पण त्याचे मन बुटांत रमेना. चौदाव्या वर्षी तो घरातून पळाला आणि मासेमारीच्या एका जहाजावर स्वयंपाकी झाला. पुढे मेहनतीने शिकत शिकत तो मोठ्या जहाजाचा कप्तान झाला.

दिवस मात्र सारखे राहत नाहीत. 1884 मध्ये पत्नी व्हर्जिनिया यांचे निधन झाले. 1887 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्यांचे स्वतःचे जहाज गेले. वाफेची जहाजे आल्यामुळे शिडाच्या जहाजांवरील कप्तानांना कोणी काम देईना. अशा वेळी, 1892 मध्ये, अमेरिकेतील एका मित्राने त्यांना एक जुनी नौका देऊ केली. ती समुद्रात नव्हे, शेतात पडून होती! तिचे नाव ‘स्प्रे’. लांबी अवघी 36 फूट 9 इंच. स्लोकम यांनी 13 महिने राबून, जवळजवळ प्रत्येक फळी बदलून, ती नव्याने बांधली. 24 एप्रिल 1895 रोजी ते बोस्टनहून एकटेच निघाले.

त्याच वर्षी डिसेंबरात उरुग्वेच्या किनाऱ्यावर ‘स्प्रे’ वाळूत रुतली. आता काय करायचे? अशा वेळी नांगर होडक्यातून खोल पाण्यात नेऊन टाकतात आणि त्याचा दोर ओढून नौका बाहेर काढतात. स्लोकम यांनी तेच केले. पण जड नांगर पाण्यात ढकलला आणि त्याच क्षणी होडके उलटले. गंमत नव्हे, खरी गोष्ट सांगतो : या कसलेल्या दर्यावर्दीला पोहता येत नव्हते! होडके सरळ करताना ते तीनदा पाण्याखाली गेले, पण त्यांनी त्याची कड सोडली नाही. अखेर होडके सरळ झाले व ते किनाऱ्याला लागले. पुढे काही लोकांच्या मदतीने नौकाही पाण्यात आली.

1896 च्या फेब्रुवारीत ते दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळील मॅगेलनच्या सामुद्रधुनीत शिरले. दोन्ही बाजूंना उंच डोंगर. त्यांवरून वाऱ्याचे झोत अचानक पाण्यावर कोसळतात. एकट्या माणसाला झोप तर हवीच. म्हणून रात्री आडोशाचा लहानसा उपसागर शोधावा लागे.

नांगर टाकणे म्हणजे लोखंड पाण्यात फेकणे नव्हे. त्यालाही रीत आहे. आधी डोंगराच्या आड, वारा व लाटा अडतील अशी जागा निवडायची. दोरीला शिशाचे वजन बांधून खोली मोजायची. वजनाच्या तळाला चरबी लावली, तर तिला तळाची वाळू किंवा चिखल चिकटून येतो. चिखलात व घट्ट वाळूत नांगर चांगला रुततो. गुळगुळीत खडकावर तो घसरतो. मग नौकेचे तोंड वाऱ्याकडे करायचे, ती थांबली की नांगर हळूच तळाशी सोडायचा आणि नौका मागे सरकू द्यायची. दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडायचा. दोर आखूड असला तर तो नांगराला वर उचलतो. लांब असला तर आडवा ओढतो आणि नांगर आणखी रुततो. नौका नांगराभोवती फिरली तरी खडकाला लागणार नाही, एवढी जागाही सोडायची. शेवटी किनाऱ्यावरील एकामागे एक दिसणाऱ्या दोन खुणा हेरून ठेवायच्या. त्यांची रांग मोडली, तर नांगर घसरत असल्याची शंका घ्यायची.

तरीही भीती संपत नसे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तेथील मूळ रहिवाशांची भूमी बळकावली होती, त्यामुळे दोघांत वैर होते. पुंटा अरेनास येथील एका कप्तानाने स्लोकम यांना सतरंजीला मारायच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, दिले होते. एका रात्री ते खिळे डेकवर पसरून स्लोकम झोपले. मध्यरात्री काही माणसे अनवाणी वर चढली आणि ओरडतच पळाली!

पोर्ट अँगोस्टो या बंदरातून पॅसिफिक महासागरात जायला ते सहा वेळा निघाले. सहाही वेळा वाऱ्याने त्यांना मागे लोटले आणि त्यांनी पुन्हा तेथेच नांगर टाकला. सातव्या वेळी, 13 एप्रिल 1896 रोजी, वाट मिळाली.

पुढे सामोआ, ऑस्ट्रेलिया, मॉरिशस आणि दक्षिण आफ्रिका असा प्रवास करीत 27 जून 1898 रोजी ते अमेरिकेतील न्यूपोर्ट बंदरात पोहोचले. सुमारे 46,000 मैलांचा हा प्रवास होता. 1900 साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. शाळा लवकर सुटलेल्या या माणसाचे ते पुस्तक आजही वाचले जाते. नोव्हेंबर 1909 मध्ये ते ‘स्प्रे’ घेऊन पुन्हा एकटेच निघाले. ते परत आले नाहीत. त्यांचे काय झाले, हे कोणालाच कळले नाही.

मित्रांनो, परीक्षेत किंवा आयुष्यात कधी मागे फिरावे लागले, तर पोर्ट अँगोस्टो आठवा. सहा वेळा परत येणे ही हार नव्हती. वारा कसा आहे हे ओळखणे, आडोशाला थांबणे आणि सकाळी पुन्हा नांगर उचलणे, हेही धैर्यच आहे.

स्वाध्याय
1. नांगराचा दोर लांब का सोडतात?
2. स्लोकम सहा वेळा बंदरात का परतले?
3. ‘नांगर’ शब्दाचे दोन्ही अर्थ स्पष्ट होतील अशी दोन वाक्ये लिहा.